एचआयव्हीसोबत येणारे कर्करोग: काय ओळखायचं, काय तपासायचं आणि बडोद्यात आधार कुठे मिळतो

एचआयव्ही असलेल्या माणसाला कर्करोग झाला की त्याच्या दोन फायली तयार होतात. एक एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, दुसरी कॅन्सरच्या ओपीडीत. एआरटीचे डॉक्टर केमोच्या औषधांबद्दल कॅन्सरवाल्यांवर विसंबतात, कॅन्सरवाले एआरटीच्या गोळ्यांबद्दल एआरटीवाल्यांवर. या दोन फायली एकमेकींना भेटवणं हे काम शेवटी पेशंटच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या अंगावर येतं. पुढची सगळी माहिती त्या कामासाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती अजूनही चुकीची सांगितली जाते. एआरटी नीट चालू असेल, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबलेला असेल, तर एचआयव्ही असलेल्या माणसाला कर्करोगाचे उपचार इतरांसारखेच, पूर्ण मात्रेत देता येतात. ‘यांना केमो झेपणार नाही’ हे फक्त एचआयव्हीचं नाव ऐकून कोणी म्हणत असेल तर दुसरं मत घ्या.

कोणते कर्करोग आणि का

एचआयव्ही बहुतेक वेळा स्वतः पेशीला कर्करोगी करत नाही. तो प्रतिकारशक्ती खाली आणतो आणि मग शरीरात आधीपासून असलेले दुसरे विषाणू मोकळे सुटतात. एचपीव्हीमुळे गर्भाशयमुखाचा, गुदद्वाराचा आणि घशाचा काही प्रमाणात कर्करोग होतो. ईबीव्हीमुळे लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग. हिपॅटायटिस बी आणि सीमुळे यकृताचा. एचएचव्ही-८मुळे कापोसी सार्कोमा. यांपैकी कापोसी सार्कोमा, आक्रमक प्रकारचे नॉन-हॉजकिन लिम्फोमा आणि पसरलेला गर्भाशयमुखाचा कर्करोग हे तीन ‘एड्सची खूण’ मानले जातात. म्हणजे एचआयव्ही असलेल्या माणसाला यांतला एखादा झाला तर आजार पुढच्या टप्प्यात गेला असं धरतात.

कापोसी भारतात कमी दिसतो. त्वचेवर किंवा टाळूवर जांभळट-तपकिरी डाग येतात, ते खाजत नाहीत, दुखत नाहीत, बोटाने दाबले तरी फिके पडत नाहीत. कधी नुसता पाय सुजतो. आपल्याकडे जास्त काळजी लिम्फोमाची आणि बायकांमध्ये गर्भाशयमुखाची करायला हवी. शिवाय मावा, गुटखा, खैनी, विडी यांमुळे तोंडाचा आणि फुप्फुसाचा कर्करोग आहेच.

सीडी४ म्हणजे रक्तातल्या प्रतिकारपेशींचा आकडा. ‘सीडी४ चांगला आहे, मग मला काय होणार’ हे फक्त काही अंशी खरं आहे. कापोसी आणि मेंदूतला लिम्फोमा सहसा सीडी४ फार खाली गेल्यावर येतात. मेंदूतला तर बहुधा ५०च्या खाली. पण हॉजकिन आणि बर्किट लिम्फोमा सीडी४ बरा असतानाही होतात, आणि गर्भाशयमुखाचा व गुदद्वाराचा धोका एआरटी वर्षानुवर्षं चालू असली तरी पूर्ण जात नाही.

गाठ म्हणजे टीबीच, असं धरून बसू नका

मानेत, काखेत किंवा जांघेत गाठ, संध्याकाळचा ताप, रात्री कपडे भिजेल इतका घाम, सहा महिन्यांत दहा टक्के वजन कमी. ही लक्षणं टीबीची आहेत आणि लिम्फोमाचीही. एचआयव्हीत टीबी इतका जास्त आढळतो की डॉक्टरांचं बोट आधी तिकडेच जातं, आणि बऱ्याचदा ते बरोबरही असतं. घोळ होतो तो तपासणी अर्धवट राहिल्यावर.

सुईने पाणी काढून केलेली एफएनएसी टीबी ओळखायला कामी येते, पण लिम्फोमा आहे का आणि कोणत्या जातीचा, हे तिच्यावरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी अख्खी गाठ काढावी लागते, ते जमत नसेल तर जाड सुईने कोअर बायोप्सी, आणि त्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींची जात ओळखणारी चाचणी, जिला लॅबमध्ये आयएचसी म्हणतात. एफएनएसीच्या रिपोर्टवर ‘रिअॅक्टिव्ह’ किंवा ‘अनिर्णित’ आलं आणि गाठ वाढतेच आहे, तर बायोप्सी मागा.

बायोप्सीच्या दिवशी एक गोष्ट स्वतः बघा. काढलेला तुकडा दोन बाटल्यांत जायला हवा. एक बाटली १० टक्के फॉर्मेलिनची, तीत तुकड्याच्या निदान दहापट द्रव असावा. ती पॅथॉलॉजीला जाते. दुसरा छोटा तुकडा निर्जंतुक सलाईनमध्ये, टीबीच्या सीबीनॅटसाठी (जंतूंची जनुकीय चाचणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून बघणं). सगळंच फॉर्मेलिनमध्ये टाकलं की जंतू मरतात, कल्चर होत नाही, आणि मग टीबीचा प्रश्न लोंबकळत राहतो. ऑपरेशन थिएटरमध्ये नेण्याआधी सर्जनना एवढंच विचारा: ‘सलाईनमध्येही तुकडा पाठवणार ना?’ बाटलीवर नाव, तारीख आणि कुठल्या बाजूची गाठ हे लिहिलेलं असावं.

स्टेरॉइडबद्दल सावध राहा. सूज उतरावी, भूक लागावी म्हणून कोणी प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन सुरू केलं तर लिम्फोमाची गाठ आठवड्याभरात बसते. पेशंटला वाटतं, गुण आला. मग बायोप्सीत काही सापडत नाही आणि थोड्या दिवसांनी आजार जोरात परत येतो. तेव्हा जीवावर बेतलेलं नसेल तर आधी बायोप्सी, मग स्टेरॉइड.

टीबीचा पक्का पुरावा न मिळता, अंदाजाने औषधं सुरू झाली असतील, तर कॅलेंडरवर खूण करा. सहा ते आठ आठवड्यांत ताप गेला नाही किंवा गाठ वाढत राहिली, तर गोळ्या बदलत बसण्याआधी पुन्हा बायोप्सी व्हायला हवी. टीबी आणि लिम्फोमा एकाच माणसात एकत्रही असतात. एआरटी नुकतीच सुरू केली असेल तर प्रतिकारशक्ती जागी होताना गाठी काही काळ फुगतात, हे तिसरं कारण. तेही डॉक्टरांनी लक्षात घ्यावं. आणि गाठ दिवसागणिक वाढताना डोळ्यांना दिसत असेल तर आठवडे मोजायचे नाहीत. बर्किट लिम्फोमा असा वाढतो. दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

डोकेदुखी, फिट, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलण्यात गोंधळ होणं, यात टॉक्सोप्लाझ्मा (मेंदूतला परजीवीचा संसर्ग) आणि मेंदूतला लिम्फोमा दोन्ही शक्य असतात. टॉक्सोची औषधं देऊन साधारण दोन आठवड्यांत स्कॅन सुधारला नाही, तर पुढची तपासणी लांबवू नये.

नियमित तपासण्या: दर महिन्याला, दर तीन वर्षांनी

एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर बायकांच्या सुमारे सहापट असतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की अशा बाईची तपासणी २५व्या वर्षापासून सुरू व्हावी: एचपीव्ही डीएनए चाचणी असेल तर दर तीन ते पाच वर्षांनी, व्हीआयए (पुढे सांगितली आहे) किंवा पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून तपासणं) असेल तर दर तीन वर्षांनी. सरकारी मोहिमेत सगळ्या बायकांसाठी ३०व्या वर्षापासून, पाच वर्षांतून एकदा असं गणित चालतं. म्हणून आरोग्य केंद्रात ‘तुमची पाच वर्षं कुठे झालीत’ असं ऐकायला मिळू शकतं. तिथे अडू नका. एआरटी केंद्रातून स्त्रीरोग ओपीडीसाठी चिठ्ठी घ्या.

व्हीआयएमध्ये गर्भाशयमुखावर तीन ते पाच टक्के अॅसेटिक अॅसिड लावतात, मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उठतो का बघतात. जरा चुरचुरतं, भूल लागत नाही. डाग लहान असेल तर तिथेच उष्णता देऊन किंवा गोठवून नष्ट करता येतो, मोठा असेल तर तारेने तेवढा भाग काढतात. हा कर्करोग नव्हे, त्याआधीची अवस्था; इथे थांबवलं तर पुढचं सगळं टळतं. मात्र एचआयव्हीत तो परत येण्याचं प्रमाण जास्त, म्हणून उपचारानंतर बारा महिन्यांनी पुन्हा तपासणी चुकवू नका. संबंधांनंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर रक्त दिसणं, वास येणारा स्राव ही लक्षणं असतील तर ती ‘स्क्रीनिंग’ची बाब राहत नाही, लगेच डॉक्टरांना दाखवा. एचपीव्हीची लस घरातल्या मुलींना द्याच. एचआयव्ही असलेल्यांसाठी शक्यतो तीन डोस, म्हणजे पहिला, एक-दोन महिन्यांनी दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा.

तोंड महिन्यातून एकदा घरी बघा. उजेडासमोर आरसा, दात घासून झाल्यावर, कवळी असेल तर काढून. ओठ उलटे करा, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा बघा, जिभेखाली बोट फिरवा, दोन्ही गाल आतून. पांढरा थर स्वच्छ कापडाने पुसून बघा: निघाला आणि खाली लालसर दिसलं तर बहुधा बुरशी आहे, निघाला नाही तर तो डाग डॉक्टरांना दाखवायचा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम, लाल चट्टा, किंवा तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावेनाशी होणं, या तिन्हींसाठी वाट बघू नका.

मूळव्याध म्हणून वर्षभर मलम लावत राहिलेल्यांमध्ये गुदद्वाराचा कर्करोग निघतो. रक्त, दुखणं किंवा हाताला लागणारी गाठ असेल तर बोटाने तपासणी करून घ्या. लाज वाटते, पण दोन मिनिटांचं काम आहे. हिपॅटायटिस बी असून यकृत कडक झालं असेल तर सहा महिन्यांनी सोनोग्राफी.

केमो आणि एआरटी एकत्र चालवताना

केमो सुरू झाली म्हणून एआरटी बंद करायची नसते. एचआयव्ही आत्ताच, कॅन्सरच्या रक्ततपासणीत, कळला असेल तर केमोची वाट न बघता एआरटी सुरू करण्याबद्दल बोला.

पहिल्या भेटीला दोन्ही डॉक्टरांकडे एकाच कागदावर पूर्ण यादी न्या: एआरटीच्या गोळ्यांची नावं, टीबीची, मधुमेहाची, अॅसिडिटीची, आयुर्वेदिकसुद्धा. बहुतेक लोक टीएलडीवर असतात, म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर, एकच गोळी. केमोसोबत ती सहसा चांगली जमते. तरी दोन-तीन गोष्टी सांभाळा. केमोत जळजळ होते म्हणून देतात ती पातळ अँटासिडं अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमची असतात आणि डोल्युटेग्राविरला पोटातच अडकवतात. गोळी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी जेवणासोबत एकत्र चालते, उपाशीपोटी नाही. केमोतलं सिस्प्लॅटिन चालू असेल तर ते आणि टेनोफोविर दोन्ही किडनीवर येतात, म्हणून प्रत्येक डोसआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्तचाचणी. डोल्युटेग्राविरने क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसतं, किडनी बिघडलेली नसतानाही; कॅन्सरच्या डॉक्टरांना हे सांगितलं नाही तर ते विनाकारण केमो थांबवतात.

खरा धोका एआरटीच्या दुसऱ्या फळीच्या औषधांवर, म्हणजे पहिल्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्यावर देतात त्यांवर, असलेल्यांना आहे. रिटोनाविर असलेल्या गोळ्या, म्हणजे अॅटाझानाविर, लोपिनाविर किंवा दारुनाविरच्या जोडीने येणाऱ्या, व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाचं प्रमाण शरीरात वाढवतात. मग हातापायांना बधिरपणा येतो, आतडी जणू झोपतात, रक्तपेशी जास्त घटतात. लिम्फोमाच्या सीएचओपी या चार औषधांच्या केमोत व्हिन्क्रिस्टिन असतंच. पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल आणि स्टेरॉइडबाबतही हीच काळजी. एआरटीत झिडोवुडिन असेल तर ते अस्थिमज्जा दाबतं, केमोही तेच करते, त्यामुळे रक्त दुप्पट घटतं. अशा वेळी एआरटी बदलावी लागते, आणि सरकारी केंद्रात त्यासाठी राज्याच्या तज्ज्ञ मंडळाकडे, म्हणजे एसएसीईपीकडे, केस पाठवावी लागते. त्याला वेळ लागतो. म्हणून बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला की त्याच आठवड्यात एआरटी केंद्रात जा, केमोची तारीख पडेपर्यंत थांबू नका. डॉक्टरांना खात्री नसेल तर लिव्हरपूल विद्यापीठाच्या मोफत वेबसाइटवर दोन औषधांची नावं टाकली की त्यांचा एकमेकांवर काय परिणाम होतो ते लगेच दिसतं.

हिपॅटायटिस बी असेल तर टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन एकाएकी थांबवणं म्हणजे यकृताला धक्का देणं, आणि लिम्फोमावरच्या रिटुक्सिमॅब या औषधासोबत तर हा धोका आणखी. केमोआधी हिपॅटायटिस बीच्या एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या दोन्ही चाचण्या करून घ्या.

केमोत सीडी४ घसरतो, व्हायरल लोड दबलेला असला तरी. म्हणून आधी आकडा चांगला असलेल्यालाही कोट्रायमोक्साझोल, म्हणजे संसर्ग टाळणारी गोळी, सुरू करतात. ते ‘परत एड्स झाला’ म्हणून नव्हे.

घरात चालणारा थर्मामीटर ठेवा. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर ताप गेला, विशेषतः केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसात, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. पांढऱ्या पेशी पडलेल्या असतात, तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून जायला हवं. आपत्कालीन विभागात पोचताच पहिलं वाक्य हे बोला: ‘केमो चालू आहे, अमुक तारखेला झाली, ताप आहे.’ उरलेलं नंतर.

गोळी उलटीत पडली तर काय करायचं, गिळता येत नसेल तर चुरा चालेल का, हे एआरटी समुपदेशकांना आधीच विचारून कागदावर लिहून ठेवा. गर्भाशयमुखाच्या रेडिएशनमध्ये बाहेरून साधारण पाच आठवडे, मग आतून ब्रॅकिथेरपी, सगळं मिळून आठ आठवड्यांच्या आत संपायला हवं. मधे लग्नकार्य आलं म्हणून आठवडा सोडला तर परिणाम खरोखर कमी होतो.

बडोद्यात कुठे

सयाजी हॉस्पिटलात एआरटी केंद्र आहे, औषधं, सीडी४ आणि व्हायरल लोड मोफत. कर्करोगासाठी जिल्ह्यात वाघोडिया तालुक्यातल्या गोरजचं कैलास कॅन्सर हॉस्पिटल, मुनी सेवा आश्रमाचं. मोठं प्रकरण असेल तर अहमदाबादला असारव्यात सिव्हिलच्या आवारात गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट. त्याच आवारात बी. जे. मेडिकल कॉलेजमध्ये एचआयव्ही उपचारांचं सेंटर ऑफ एक्सलन्स आहे, तेव्हा दोन्ही भेटींची तारीख एकाच दिवशी घ्या. एका फेरीत दोन्ही फायली भेटतात.

दुसऱ्या हॉस्पिटलला जाताना फक्त रिपोर्टची झेरॉक्स नेऊन भागत नाही. पॅथॉलॉजीतून बायोप्सीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. सोबत एआरटीची हिरवी वही, शेवटचा व्हायरल लोड, सीडी४, स्कॅनची सीडी.

पैशांसाठी आयुष्मानचं मा कार्ड आधी करा. गुजरातेत त्यावर कुटुंबाला वर्षाला १० लाखांपर्यंत कव्हर आहे. उत्पन्नाचा दाखला मामलतदार कचेरीत किंवा जनसेवा केंद्रात मिळतो. तिथे ‘आवकनो दाखलो’ म्हणा. कार्डात दाखल होऊन झालेले उपचार येतात, ओपीडीतल्या तपासण्या बहुधा नाहीत, म्हणून आयएचसी आणि स्कॅनचा खर्च वेगळा धरा. कार्ड चालत नसेल तर १४५५५ला फोन. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीला अर्ज करायचा तर खर्च होण्याआधी, हॉस्पिटलच्या अंदाजपत्रकासह. झालेला खर्च ते भरून देत नाहीत. रेल्वेत कर्करोगाच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. हॉस्पिटलच्या सहीचा फॉर्म तिकीट खिडकीवर द्यायचा, आणि त्या फॉर्मवर एचआयव्हीचा उल्लेख नसतो.

कोणाला सांगायचं

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा भागात आपली मराठी माणसं एकमेकांना ओळखतात. सयाजीच्या रांगेत शेजारच्या काकू भेटतील ही भीती खोटी नाही. त्यासाठी एआरटी दुसऱ्या केंद्रात बदलून घेता येते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एचआयव्ही सांगायलाच हवा, नाहीतर वर लिहिलेली औषधांची गडबड होते. पण शुश्रूषेला आलेल्या आत्याला किंवा दिराला फक्त कर्करोग माहीत असला तरी पुरे. दाखल होतानाच सिस्टरांना बाजूला घेऊन सांगा की नातेवाइकांसमोर हा विषय काढायचा नाही, आणि खाटेच्या फलकावर लिहायचा नाही. गोळ्या साध्या डबीत ठेवा, मूळ बाटलीच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७चा, १० सप्टेंबर २०१८पासून लागू. संमतीशिवाय स्थिती उघड करणं आणि एचआयव्हीच्या कारणाने उपचार नाकारणं त्याने बेकायदा ठरवलं आहे. ‘आमच्याकडे ऑपरेशन होणार नाही’ असं कोणी म्हटलं तर कारण लेखी मागा. अनेकदा एवढ्याने सूर बदलतो. नाही बदलला तर याच कायद्याखाली नेमलेल्या राज्याच्या लोकपालांकडे तक्रार जाते. तातडीच्या वैद्यकीय प्रकरणात शक्यतो २४ तासांत, एरवी ३० दिवसांत आदेश द्यावा असं कायद्यात आहे. तक्रार कशी लिहायची ते १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येतं.

याच आजारातून गेलेल्या माणसाशी बोलायचं असेल तर एआरटी समुपदेशकांकडे केअर अँड सपोर्ट सेंटरची चौकशी करा. सुरतेत गुजरात राज्याचं पॉझिटिव्ह लोकांचं नेटवर्कही आहे. रात्री झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ टेलिमानस, तिथे मराठीतही बोलता येतं.

मुंबईला टाटामध्ये जायचं ठरलं तर निघण्याआधी एआरटी केंद्रातून तीन महिन्यांच्या गोळ्या मागा आणि ते जमत नसेल तर मुंबईतल्या केंद्रावर बदलीचं पत्र घ्या. दादरला गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत टाटाचे पेशंट राहतात. जागेसाठी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातून पत्र लागतं का ते आधी फोन करून विचारा, कारण सामान घेऊन पोचल्यावर चौकशी केली तर पहिली रात्र स्टेशनवर जाते.